डिकीवरची अक्षरं

द्रुतगती मार्ग होण्याआधीचा खंडाळ्याचा घाट ज्यांनी भोगला आहे, त्यांना पुढच्या गाडीची पाठ वाचायची सवय नक्की असणार. अमृतांजन पुलाच्या अलीकडे एखादा ट्रक तापून आडवा झाला की सगळी रांग जागच्या जागी. मोबाइल जन्माला यायचा होता आणि डब्यातल्या पुऱ्या खोपोलीलाच संपलेल्या असत. मग समोर जे दिसेल ते वाचायचं. पुढच्या ट्रकवर ‘एअर ब्रेक’, त्याखाली ‘अंतर ठेवा’. घाट उतरून येणाऱ्या ट्रकच्या कपाळावर ‘टर्बो’, नाहीतर ‘पॉवर स्टिअरिंग’. खासगी बसच्या अंगावर लफ्फेदार अक्षरांत ‘व्हिडिओ कोच’ आणि जोडीला ‘पुश बॅक’. मधेच अडकलेल्या अँबॅसिडरच्या डिकीवर ‘मार्क ४’, तिच्या बाजूला घुसू पाहणाऱ्या मारुतीवर ‘एसी’. आपली यष्टी तेवढी गरीब. तिच्या अंगावर ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ एवढंच.

मोटारींतलं मला जे थोडंफार कळतं, त्यातलं निम्मं मी असं गाड्यांच्या मागं अडकून शिकलो. गाडीत काय आहे ते गाडीच ओरडून सांगत होती. ते कशासाठी असतं, हे मात्र आपल्याला कुणाला तरी विचारावं लागे. मोठ्यांना बहुधा माहीत नसे. ते ठोकून देत. ‘टर्बो म्हणजे दोन इंजिनं,’ असं मला एका सज्जन गृहस्थांनी लोणावळ्यापर्यंत पटवून दिलं होतं. (एकच असतं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते.)

या अक्षरांना धंद्यातली माणसं ‘मोनोग्राम’ म्हणतात. कंपनीचं बोधचिन्ह असो की ‘डीलक्स’सारखा नुसता शब्द, पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात ते मोनोग्रामच. चिकटवायचं असेल ते ‘रेडियम’, मग ते रात्री चमको वा न चमको. जुने मोनोग्राम ओतीव धातूचे असत, वर क्रोमचं पाणी. मागच्या बाजूला दोन-तीन खिळ्यांसारख्या पिना, आणि त्या अडकवायला पत्र्याला भोकं. पावसाळ्यात गंज पहिल्यांदा तिथूनच धरायचा. गाडी डेंटिंग-पेंटिंगला गेली की हे मोनोग्राम काढून ठेवले जात आणि परत येताना एखादं अक्षर हटकून गॅरेजात राही. ‘पद्मिनी’तला मधलाच एखादा ‘एम’ पडलेल्या कितीतरी गाड्या मुंबईत वर्षानुवर्षं तशाच फिरल्या. पुढं धातू जाऊन चंदेरी प्लॅस्टिक आलं, पिनांच्या जागी डबल टेप आला आणि शेवटी नुसता स्टिकर उरला. काच पुसताना पोराच्या नखानं तो अर्धा निघायचा.

आम्ही कुर्ल्याचे. नेहरूनगरातून पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की लालबहादूर शास्त्री मार्गावर प्रीमियरचा कारखाना. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली, आणि माझ्या लहानपणी अर्धं कुर्लं या ना त्या नात्यानं तिच्याशी बांधलेलं होतं. आमच्या मजल्यावरचे एक काका तिथं पेंट शॉपला होते. ते सांगत, की गाडीला सगळं बसवून झालं की शेवटी तिची अक्षरं लावतात; म्हणजे बारसंच. त्यांनी हे सांगितल्यापासून टॅक्सीत बसायच्या आधी मी मागं जाऊन अक्षरं धड आहेत ना ते बघायला लागलो. आई वैतागायची. टॅक्सीवाला मीटर टाकून मोकळा झालेला असे.

गंमत अशी, की डिकीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ असं तिरप्या वळणात स्वच्छ लिहिलेलं असूनही तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला कुर्ल्यात तरी भेटला नाही. सगळ्यांची ‘फियाट’च. इटलीतल्या फियाट ११०० वरून ती घेतलेली. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव डिकीवरून उतरलं ते पहिल्यांदा ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून आणि नंतर पद्मिनी म्हणून. कंपनीनं नाव बदललं, लोकांनी बदललं नाही. पेंट शॉपवाले काकासुद्धा घरी बोलताना ‘आज इतक्या फियाट काढल्या’ असंच म्हणत.

१९८५ साली प्रीमियरनं ‘११८ एनई’ आणली. दिसायला चौकोनी. अंग फियाट १२४ चं, म्हणजे युरोपात १९६६ साली आलेलं, आणि आत निस्सानचं १,१७१ सीसीचं इंजिन. ‘एनई’चा उलगडा कुर्ल्यात शेंबडं पोरही करे : निस्सान इंजिन. जपानी इंजिन आहे हे लपवायची गरजच नव्हती, उलट तेच तर विकायचं होतं. पुढं पद्मिनीतही डिझेल आलं, ‘१३७ डी’. इंजिन इटालियन बनावटीचं, साधारण १.४ लिटरचं. ते सुरू झालं की आरसे थरथरत, दारं वाजत, आणि मागं बसलेल्या आजीच्या हातातल्या जपाच्या माळेचं काम आपोआप होई. पण पेट्रोल आणि डिझेलच्या भावात तेव्हा इतकी तफावत होती, की ‘डी’ हे एक अक्षर डिकीवर असणं म्हणजे महिन्याच्या खर्चाची सोय झाल्याची जाहिरात होती. टाकीच्या झाकणाजवळ ‘डिझेल’ असं पुन्हा वेगळं लिहिलेलं असे, ते शेखीसाठी नाही; पंपावरच्या पोऱ्यानं सवयीनं पेट्रोल ओतू नये म्हणून.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. कारखाना त्याच्या कितीतरी आधी थंडावला होता. कुर्ल्यात आता प्रीमियर रोड तेवढा आहे.

निस्सानचा विषय निघालाच आहे तर ऐंशीच्या दशकातल्या जपानी लाटेबद्दल बोललं पाहिजे. त्या चार-पाच वर्षांत रस्त्यावरच्या प्रत्येक नव्या वाहनाच्या अंगावर जोडनाव दिसायला लागलं. हिरो होंडा, कायनेटिक होंडा, इंड-सुझुकी, कावासाकी बजाज, यामाहाबरोबरचे एस्कॉर्ट्स. मालवाहू टेम्पोंत डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निस्सान. तोवर आपल्याकडच्या वाहनावर अभिमानानं लिहावं असं फारसं काही नसे. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या माणसाला चेतक मिळाली हेच पुरेसं होतं. आता अचानक निवड करायची वेळ आली, आणि निवड करायची तर फरक दिसायला हवा. म्हणून मग अंगावर लिहिणं आलं : ‘फोर स्ट्रोक’, ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन’, ‘सेल्फ स्टार्ट’. कायनेटिक होंडा ही बटण दाबून सुरू होणारी स्कूटर आहे हे कळल्यावर आमच्या शाळेतल्या बाईंनी ती घेतली, आणि रोज शाळा सुटल्यावर ते बटण बघायला पोरांचा घोळका होई. चेतक तिरकी करून लाथा मारणारे सर बाजूनं निमूट निघून जात.

रिक्षासुद्धा यातून सुटल्या नाहीत. बजाजच्या रिक्षेवरचं ‘आर ई’ लाखो लोकांनी रोज पाहिलं असेल. पूर्वी रिक्षेचं इंजिन पुढं, चालकाच्या पायांशी असे. ते मागं गेलं, म्हणून ‘रिअर इंजिन’. ही बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्याची करामत. पुढं तिच्यावर ‘फोर एस’ आलं. टू स्ट्रोकच्या निळ्या धुरात वाढलेल्या पुणेकराला त्या दोन अक्षरांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आणि मग मारुती. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, किंमत ४७,५०० रुपये, हे सगळं आता सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात असतं. मला आठवतो तो तिच्या पाठीवरचा ‘८००’ हा आकडा. आता इंजिनाची क्षमता डिकीवर आली (खरं तर ७९६ सीसी, पण चार सीसीवरून कोण भांडणार) आणि आम्हा मुलांना सीसी नावाची नवी चलनपद्धती मिळाली. ११८ एनई मोठी की मारुती १००० मोठी, यावर मारामाऱ्या झाल्या आहेत.

पण खरी प्रतिष्ठा ‘एसी’ या दोन अक्षरांची. माझ्या धाकट्या आत्याला बघायला मंडळी आली, तेव्हा चुलतभाऊ गॅलरीतून खाली वाकून आत निरोप देत होता : ‘मारुती आहे. पांढरी. थांब, मागं बघतो... एसी लिहिलंय!’ आजीनं चहाचे कप बदलायला लावले. साधे काढून ठेवले होते, कपाटातले सोनेरी काठाचे आले. लग्न तिथं झालं नाही ही गोष्ट वेगळी. पण दोन अक्षरांत एका घराचा पगार, फ्लॅट आणि स्वभाव यांचा अंदाज बांधणारी ती पिढी होती, आणि तो अंदाज फारसा चुकतही नसे. एसी मारुतीवाले काचा वर करून जात. काचा वर करून जाणारी गाडी म्हणजे आत एसी आहे, हे सिग्नलला उभ्या असलेल्या सगळ्यांना कळे. काही लोक एसी नसतानाही मे महिन्यात काचा वर करून घाम गाळत जायचे, असं म्हणतात. घाटात मात्र सगळे सारखे. चार माणसं आणि सामान घेऊन ती ७९६ सीसीची बाहुली चढावर लागली की चालक गुपचूप एसी बंद करी, आणि डिकीवरची अक्षरं तेवढ्यापुरती खोटी पडत.

नव्वदच्या दशकानं शब्दांची जत्राच भरवली. सिएलो, अ‍ॅस्ट्रा, एस्कॉर्ट, उनो, कल्याणला जुळणी होणारी प्यूजो ३०९. डीएक्स, एलएक्स, व्हीएक्स, जीएलई, जीएलएक्स. ही अक्षरं काय सांगतात ते कंपन्यांनाही धड ठाऊक नसावं. जेवढी अक्षरं पुढची, तेवढ्या काचा बटणावर, एवढं आम्ही समजून घेतलं होतं. १९९८ साली सँट्रो आली, आणि लौकरच तिची ‘झिप ड्राइव्ह’. म्हणजे पॉवर स्टिअरिंग. सरळ ‘पॉवर स्टिअरिंग’ लिहिलं असतं तर कळलं असतं, पण नाही, झिप.

या सगळ्या अक्षरांत मला सगळ्यांत जवळची म्हणाल तर ‘एमपीएफआय’. त्याला कारण आहे.

कार्बुरेटरच्या गाड्यांचा जमाना आठवा. हिवाळ्यात सकाळी डॅशबोर्डाखालचा चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, इंजिन दोनदा खोकणार, मग चोक अर्धा आत, पाय हलकेच अ‍ॅक्सिलरेटरवर. चोक जास्त ओढला की पेट्रोलचा वास सुटायचा आणि मग दहा मिनिटं वाट बघत बसायचं. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीबरोबर पेट्रोलचे थेंब आपोआप खेचले जातात, एवढीच कार्बुरेटरची विद्या. थंडीत, उंचीवर, ऊन वाढल्यावर तिचं गणित बिघडायचं आणि ते दुरुस्त करायला गल्लीतला मेस्त्री लागायचा. तो एक स्क्रू पाव आटा फिरवून कान लावून ऐकत बसे. चांगल्या मेस्त्रीच्या त्या पाव आट्यावर गाडीचं अ‍ॅव्हरेज ठरे.

एमपीएफआयनं हे सगळं मोडीत काढलं. मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन : प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पिचकारी, आणि किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवणार. सँट्रो आणि मॅटिझ १९९८ मध्ये ते घेऊनच आल्या. पण बाकीच्यांना घाई झाली ती कोर्टामुळं. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी मोटारींना त्याच वर्षी युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ चे प्रदूषणाचे नियम लावले. मुंबईसारखी शहरं पाठोपाठ रांगेत होतीच. कार्बुरेटर युरो-२ मध्ये टिकणं अवघड होतं, त्यामुळं झेन, एस्टीम, ८०० सगळ्यांच्या पाठीवर बघता बघता ‘एमपीएफआय’ उगवलं. मारुतीच्या ‘एलएक्स’चं ‘एलएक्सआय’ झालं ते तेव्हाच. ते शेवटचं ‘आय’ इंजेक्शनचं. डिकीवरचं एक अक्षर सुप्रीम कोर्टाच्या आदेशातून आलं, असं त्याच्याआधी झालं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या घरात पहिली गाडी त्याच सुमाराला आली. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून मारुती ८०० घेतली, आणि डिकीवर तो स्टिकर होता. बाबा आयुष्यभर विमा कंपनीत कारकून. कार्बुरेटर त्यांनी जन्मात उघडला नव्हता. पण सोसायटीत कुणी गाडी बघायला आलं की ते आधी त्याला मागं नेत, स्टिकरवर बोट ठेवत आणि म्हणत, ‘ह्याला चोक नाही.’ आलेला माणूस मान डोलवे. त्यालाही चोक म्हणजे काय ते माहीत नसे बहुधा. आमच्या नेहमीच्या मेस्त्रीनं मात्र बॉनेट उघडून दोन मिनिटं आत बघितलं, परत लावलं आणि म्हणाला, ‘साहेब, ह्याच्यात आपल्याला करण्यासारखं काय ठेवलेलं नाही.’ त्याचा स्वर मी विसरलेलो नाही. वर्षभरात त्यानं स्कॅनर लावणाऱ्या मोठ्या गॅरेजात नोकरी धरली. कार्बुरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुणारी, जेट फुंकून साफ करणारी एक अख्खी जमात त्या चार अक्षरांनी घरी बसवली, हेही याच हिशोबात धरायला हवं.

पुण्याकडं माझे मामा टाटांच्या टेल्कोत होते, पिंपरीला. त्यांच्याकडं सुट्टीत गेलं की शिकवणी ट्रकांवर. टाटाच्या ट्रकचा आकडा वाचायला त्यांनीच शिकवलं. ‘१६१३’ म्हणजे पहिले दोन आकडे मालासकट एकूण वजनाचे, सोळा टन. उरलेले दोन ताकदीचे, तेराला दहानं गुणा, एकशे तीस अश्वशक्ती. ‘४०७’ ही त्याच घरातली, चार टन आणि सत्तर. मामांच्या मते हा जगातला सगळ्यांत प्रामाणिक मोनोग्राम होता : गाडी किती ओझं उचलते आणि किती जोरानं, एवढं सांगतो, पुढं एक शब्द नाही. चिंचवडहून निगडीला जाताना मी समोरून येणाऱ्या ट्रकांचा हिशोब करायचो आणि मामा सिगारेट ओढत तपासायचे. सुमोवर आकडा नव्हता. तिचं नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या अक्षरांवरून आलेलं, हे सांगताना मामांचा आवाज बदलायचा. मुळगावकरांनी कारखान्याच्या आवारात लावलेल्या झाडांबद्दल ते कारखान्यापेक्षा जास्त बोलत.

१९९८ च्या डिसेंबरात इंडिका आली. पूर्णपणे देशी मोटार, पिंपरीत घडलेली. पहिल्या गाड्यांत उणिवा निघाल्या, गिऱ्हाईक बोलायला लागलं, आणि कंपनीनं त्या दुरुस्त करून २००१ मध्ये पुन्हा बाजारात आणली, तेव्हा डिकीवर लिहिलं ‘व्ही २’. म्हणजे दुसरी आवृत्ती. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघते तसं उघडपणे अंगावर लिहायचं, याला छाती लागते. टॅक्सीवाल्यांनी त्या ‘व्ही २’ला इतकं उचलून धरलं, की पुढं कितीतरी वर्षं लोक इंडिका म्हणायचंच विसरले, ‘व्ही टू आहे, पाच सीट, डिझेल,’ एवढ्यावर भाडं ठरायचं.

डिझेलचीच एक मजा सांगतो. २००७ नंतर रस्त्यावर तीन वेगवेगळे शब्द दिसायला लागले : स्विफ्टवर ‘डीडीआयएस’, इंडिका व्हिस्टावर ‘क्वाड्राजेट’ आणि फियाटच्या पुंटो-लिनियावर ‘मल्टिजेट’. तीन कंपन्यांचे तीन मालक पार्किंगमध्ये आपापल्या इंजिनाची तारीफ करत भांडायचे. इंजिन तिघांचंही एकच. फियाटचं १.३ लिटरचं, २००५ साली त्याच्या गटात ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलेलं. आपल्याकडं त्यातलं काही उत्पादन रांजणगावला व्हायचं, महागणपतीच्या गावाला. मी एकदा एका स्विफ्टवाल्या मित्राला हे सांगितलं, तर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि ते इंजिन तिन्ही नावांसकट गेलं.

जिथं खरा मोनोग्राम मिरवतो, तिथं खोटाही आलाच. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला सुट्या मोनोग्रामांची दुकानं होती. काचेखाली मखमलीवर ‘टर्बो’, ‘डीओएचसी’, ‘१६ व्हॉल्व्ह’, ‘व्हीटेक’ असं मांडून ठेवलेलं. पैसे टाका, हवं ते व्हा. माझ्या आतेभावानं आमच्याच ८०० वर, बाबांना न विचारता, ‘टर्बो’ लावलं. बाबांनी ते आठवडाभर पाहिलं नाही, आणि पाहिलं तेव्हा त्यांचा आक्षेप वेगळाच होता : ‘एमपीएफआयच्या वर कशाला लावलंस? खाली जागा होती.’ होंडा सिटीची व्हीटेक २००० च्या सुमारास आली आणि मग झेनवर, सँट्रोवर, एका वडापवाल्याच्या जीपवरसुद्धा मी ‘व्हीटेक’ पाहिलं आहे. बेस मॉडेल घेऊन टॉप मॉडेलचा मोनोग्राम लावणं तर इतकं सर्रास होतं, की सेकंड हँड गाडी बघायला जाणारा शहाणा माणूस डिकी न वाचता आरसी बुक वाचायचा.

मिरवण्याची हौस आपलीच असं मात्र समजू नका. १९७३ साली बीएमडब्ल्यूनं ‘२००२ टर्बो’च्या पुढच्या बंपरखाली ‘टर्बो’ आणि ‘२००२’ उलटं लिहिलं होतं, आरशात सुलट दिसेल असं. पुढच्या गाडीवाल्यानं आरशात बघितलं की त्याला मागून काय येतंय ते वाचता यावं आणि त्यानं बाजूला व्हावं. जर्मनीत त्यावरून गदारोळ झाला. आपल्याकडं हे काम हॉर्न करतो.

ब्रेकची अक्षरं याहून वेगळी. १९२० च्या दशकात युरोपात चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्या मागं लाल त्रिकोण लावत; मागच्यानं समजून अंतर ठेवावं म्हणून, कारण त्याच्या गाडीला बहुधा मागच्या दोनच चाकांना ब्रेक असत. आपल्या ट्रकवरचं ‘एअर ब्रेक, अंतर ठेवा’ हा त्याचाच भाऊबंद, आणि मोटारींवरचं ‘एबीएस’सुद्धा. तेही आता कुणी लिहीत नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. ज्याची सक्ती होते, त्याची फुशारकी संपते. ‘एसी’ आणि ‘फाइव्ह स्पीड’ त्याआधीच अशीच गळाली, फक्त त्यांना कायदा लागला नाही.

कंपनीच्या या अक्षरांशेजारी घरची अक्षरं असत, त्यांचा उल्लेख केला नाही तर पाप लागेल. ‘आईची कृपा’, ‘बाबांचा आशीर्वाद’, कुलदैवताचं नाव, मुलामुलींची नावं, आणि मधोमध भगव्या रेडियमात ‘जय शिवराय’. डाव्या बाजूला ‘सीआरडीआय’ आणि उजव्या बाजूला ‘श्री स्वामी समर्थ’ : गाडी कशावर चालते याची दोन्ही उत्तरं एकाच डिकीवर. रेडियमवाले हा मजकूर ब्लेडनं हातानं कापत. संगणकावर कापायला लागल्यापासून सगळ्या आयांची कृपा एकाच फॉण्टमध्ये दिसते.

आताच्या गाड्यांच्या पाठी मी अजूनही वाचतो, पण हाती फारसं लागत नाही. काळी गाडी घेतली तर तिच्यावर ‘डार्क’ लिहिलेलं असतं. ती काळी आहे हे मला दिसत होतं. ‘नाइट’ आहे, ‘अ‍ॅडव्हेंचर’ आहे, ‘काझीरंगा’ नावाच्या आवृत्तीवर गेंडा आहे. गेंड्याबद्दल मला आदर आहे, पण तो त्या गाडीत नेमकं काय करतो? ‘हायब्रिड’ आणि ‘ईव्ही’ हे दोन शब्द तेवढे जुन्या जातकुळीचे, आत काय आहे ते सांगणारे, आणि तेही कोपऱ्यात बारीक. काम धड करतं ते सरकारी स्टिकर : पुढच्या काचेवर पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी. २०१९ पासून नव्या गाड्यांवर तो सक्तीनं येतो. रंग पाहून पोराला सांगता येतं, आत काय जळतंय. माझं मत विचाराल तर ज्या मोनोग्रामावरून लहान मुलाला ‘म्हणजे काय?’ असा एक प्रश्न विचारता येत नाही, तो लावण्यात पैसे घालवू नयेत.

ता. क. : माझ्याकडं धातूचे, पिनांचे थोडे मोनोग्राम जमले आहेत, ‘११८ एनई’ आहे, ‘मार्क ४’ आहे, बाबांच्या गाडीचा ‘एमपीएफआय’ स्टिकर वहीत चिकटवलेला आहे. ‘१३७ डी’ मात्र मिळत नाही. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर किंवा गॅरेजच्या डब्यात पडलेला असेल तर भंगारात घालण्याआधी संपादकांमार्फत कळवावं. एखादं अक्षर तुटलेलं असलं तरी चालेल. भाव मात्र नाना पेठेचा लावू नये.